बिस्किट खाल्लं

"काय खाल्लंस?" हा अण्णांचा रोजचा पहिला प्रश्न. शार्लटमध्ये सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा बार्शीत संध्याकाळचे सहा. हरिपाठाला जायच्या आधी ते फोन करतात. गेल्या वर्षी एप्रिलपासून सलग चाळीस दिवस मी एकच उत्तर दिलं, "बिस्किट खाल्लं. आणि चहा."

उत्तर खोटं नव्हतं. फक्त अण्णांच्या डोळ्यांपुढे पार्ले-जीचा पुडा असायचा आणि माझ्यापुढे कागदात गुंडाळलेलं बोजँगल्सचं केजन फिले बिस्किट.

अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किट म्हणजे वेगळीच चीज. मैद्यात स्निग्ध पदार्थ चोळायचा, ताकात भिजवायचं, फार मळायचं नाही. बेकिंग पावडरवर ते फुगतं. बाहेरून खरपूस, आत पदर सुटलेले. ते मधून कापून त्यात तिखट तळलेलं चिकन घालतात. चहा बर्फाचा, आणि इतका गोड की आमच्याकडच्या लग्नातला चहा त्याच्यापुढे फिका. अण्णा माळकरी आहेत. मी कॉलेजच्या होस्टेलपासून चिकन खातो, हे घरी आजवर कोणी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही.

बोजँगल्स १९७७ साली शार्लटमध्येच सुरू झालं. जॅक फल्क आणि रिचर्ड थॉमस हे दोघे संस्थापक. फल्क आधी हार्डीजची फ्रँचायझी चालवायचा. मसाला लुइझियानाच्या केजन वळणाचा, बिस्किट मात्र इथल्या घरांतलं. जवळपास पन्नास वर्षं झाली तरी पसारा मुख्यतः आग्नेयेकडच्या राज्यांतच. सिअ‍ॅटलच्या मित्राला नाव सांगितलं तर त्याला ते एखादं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क वाटलं. इकडे शार्लटमध्ये एका अख्ख्या स्टेडियमला या चिकनवाल्यांचं नाव आहे. आपल्या गावचा वडा जगात भारी, बाहेरच्यांना काय कळतंय, असा जो एक माज असतो ना, तोच इथल्या लोकांत दिसतो. मला तो फार ओळखीचा वाटला.

तर एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, मग लॅपटॉप आपोआप लॉक. एच-१बीवर असाल तर त्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीनं अर्ज दाखल करायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मी फोनमध्ये दिवस मोजायला लागलो.

रूममेट घरून काम करायचा. त्याच्या स्टँडअप मीटिंगचे आवाज भिंतीतून यायचे, ते मला ऐकवत नसत. म्हणून सकाळी सातला आंघोळ करून, शर्ट इस्त्री करून मी बोजँगल्समध्ये जाऊन बसायचो. कोपऱ्यातल्या टेबलावर चार म्हातारे रोज कॉफी घेऊन असायचे. निवृत्त ट्रकवाले असावेत. काउंटरवरच्या बाई आठवड्याभरात ऑर्डर विचारेनाशा झाल्या, मला बघितलं की थेट बटणं दाबायच्या. इतक्या कंपन्यांना अर्ज केले, पण मला काय हवंय हे न सांगता कळणारी तेवढी एकच जागा होती. इंटरव्ह्यू मी पार्किंगमध्ये, गाडीत बसून द्यायचो.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मेल आला. पाच फेऱ्यांनंतर नकार. दहा मिनिटांत अण्णांचा फोन.

"काय खाल्लंस?"

मला बिस्किट हा शब्द उच्चारता येईना. म्हणालो, "अण्णा, नोकरी गेली. सव्वा महिना झाला."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुझ्या हापिसात रोज कोणतरी नंबर पुकारतंय, बँकेसारखं. आणि लहान लेकरं रडतात."

मी हसलो की रडलो ते नीट आठवत नाही. एका म्हाताऱ्यानं वळून बघितलं, एवढं आठवतंय.

"तुम्ही विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हणलं," ते म्हणाले. "आईला मी सांगतो. तू नको सांगू, ती फोनवर ऐकून घ्यायची नाही. पैसे हायेत का?"

त्रेपन्नाव्या दिवशी नव्या कंपनीनं अर्ज भरला. नोकरी सिअ‍ॅटलची. निघायच्या सकाळी मी शेवटचं बिस्किट घेतलं. बाईंना सांगावं असं वाटत होतं, पण मागे रांग होती.

सिअ‍ॅटलमध्ये बोजँगल्स नाही. मागच्या रविवारी ताक आणून घरीच बिस्किटं केली. मळताना हात जड पडला असणार, दगड झाले. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं.

"हे तुझं बिस्किट व्हय? ही तर बाटी झाली." मग म्हणाले, "आणि तिथं ह्याच्या आत काय घालायचे?"

"लोणी," मी म्हणालो.