मैना गावावर राहिली, पण तिने काय गायले?

आजचा धागा टँगोपासून सुरू होतो आणि पोलादपूरला येऊन थांबतो.

१९१७ मध्ये कार्लोस गार्देलने पास्कुआल कोन्तुर्सीचे शब्द असलेले ‘मी नोचे त्रिस्ते’ गायले. प्रेमभंगाच्या टँगो-गीताचा आरंभ सहसा येथूनच मानतात. प्रेयसी सोडून गेलेली आणि पुरुष रिकाम्या खोलीत उरलेला. ब्वेनोस आइरेस तेव्हा बोटीने आलेल्या इटालियन व स्पॅनिश कष्टकऱ्यांनी भरलेले होते. पुरुष पुष्कळ, स्त्रिया थोड्या.

आपले गिरणगावही तसेच. महाड-पोलादपूरचा चाकरमानी गावकीच्या खोलीत राही. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. जेवण खानावळीत. बायको गावी, भातखाचरांत आणि सासूच्या धाकात. माझे आजोबा त्यांतलेच.

या खोल्यांचे गाणे अण्णाभाऊ साठे यांनी लिहिले: ‘माझी मैना गावावर राहिली’. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या छक्कडीत आधी मैनेचे रूप येते, मग मुंबईने केलेला भ्रमनिरास, आणि अखेरीस बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांचा विरह. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ही चारही नावे बाहेरच राहिली.

‘टँगोतला विरह एकट्याचा राहतो, अण्णाभाऊंचा मोर्चात चालू लागतो,’ असे मी प्रबंधात लिहिले होते. वाक्यावर मी खूश होतो, हेही कबूल करतो.

मे महिन्यात घरी आजीला ते गाणे मोबाइलवर ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. संपल्यावर म्हणाली, “रडतोय बरा. पण मनिऑर्डर धाडीत व्हता का, ते नाय सांगत.”

मग तू जात्यावर आजोबांचे काय गायचीस, असे विचारले. “भावाचं गायचं. नवऱ्याचं सासूम्होरं कोण गाईल?”

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत भाऊ, आई, लेक पुन्हा पुन्हा येतात. ओव्या म्हणजे स्त्रीचे मोकळे मन, असे समजून मी त्या वाचत आलो. दळताना सासू कुठे बसलेली असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

प्रबंधातले ते वाक्य तूर्त खोडले आहे. त्याच्या जागी काय लिहायचे ते अजून सुचलेले नाही.

आजीच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या मनिऑर्डरचे एक कूपन आहे. रक्कम पंचवीस रुपये. संदेशाच्या जागेत एवढेच: ‘पावसाआधी घर शाकारून घेणे.’ तिला वाचता येत नव्हते. पोस्टमनने अंगणात, सासूसमोर, मोठ्याने वाचून दाखवले होते.