पुढच्या चाकावरचे आसन

१९८४ साली बाजारात आलेल्या आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने २०१९पर्यंत बनत राहिलेल्या मारुती व्हॅनमध्ये चालकाचे आसन जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावरच असते. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाक आणि बॉडी यांना जोडून रस्त्याचे धक्के मधल्या मध्ये जिरवणाऱ्या रचनेत, जे काही घडते ते लांब बॉनेटच्या मोटारीपेक्षा येथे अंगाला अधिक थेट कळते. ज्या पिढीचे शाळेत जाणे या गाडीच्या मागच्या बाकावरून झाले, तिने लहानपणी अनुभवले ते मागच्या पाट्यांचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे, कडक उसळणे. पुढच्या चाकांशी तिची ओळख स्टिअरिंग हाती आल्यावरच झाली.

पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीची. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती १९४०च्या दशकात आखली आणि १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये ती दिसली. गुंडाळीची स्प्रिंग आणि गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात तो तेलाचा दट्ट्या एकाच खांबात बसवल्याने वरचा स्वतंत्र आर्म वाचतो, आणि या काटकसरीतच तिचे मोठेपण आहे. खांबाचे वरचे टोक रबरी माउंटिंगने बॉडीला धरलेले असते, खालचे टोक चाक वाहणाऱ्या नकलला बोल्टने जखडलेले असते, आणि नकल खालच्या आर्मला बॉल जॉइंटने, म्हणजे खांद्याच्या सांध्यासारख्या वाटीत फिरणाऱ्या गोळ्याने, जोडलेले असते. स्टिअरिंग वळले की सबंध खांब स्वतःभोवती वळतो. स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण झेललेले परत देणे हा तिचा स्वभाव असल्याने, ती उसळी शॉकअपमधल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलण्यात खर्ची पडून उष्णतेच्या रूपाने विरावी लागते. शॉकअप बसला की गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत राहते.

ही झीज फसवी असते, कारण ती रोज थोडी थोडी होते आणि चालकाचे हात तिच्याशी नकळत जुळवून घेतात. ज्याला गाडी सर्वांत जास्त ठाऊक, त्यालाच बिघाड सर्वांत उशिरा कळतो. म्हणून सवयीवर विसंबून न राहता हात लावून पाहावे लागते. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवताना खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून जाणवला तर बहुधा स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटून झालेला ओलसर काळा थर तेलगळतीचा असतो. शॉकअप जोडीनेच बदलावेत, आणि स्प्रिंग कंप्रेसरने आवळून घेतल्याशिवाय खांबाच्या माथ्यावरचे मधले नट कधीही सोडू नये, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते.

मागच्या बाकावर दप्तर घेऊन बसणारी ती मुले आता पन्नाशीकडे आली आहेत, आणि जिथे अजून ही गाडी दारात आहे तिथे पुढच्या आसनावर वृद्ध आई किंवा वडील असतात, ज्यांच्या दुखऱ्या कमरेला प्रत्येक गतिरोधक कळतो. अशा घराला चांगल्या मिस्त्रीचे मोल फार. उदाहरणार्थ, खालच्या आर्मच्या बॉडीकडच्या सांध्यातला बुश, म्हणजे धातूच्या दोन नळ्यांमधला रबराचा थर, घसरत नाही तर पिळला जातो. चाक लोंबकळत असताना बुशचा बोल्ट आवळला तर गाडी उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. म्हणून जाणता मिस्त्री बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवतो, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू देतो, आणि मग पुन्हा खाली सरकून, वर सगळे वजन असताना, पान्याने तो बोल्ट पक्का आवळतो.