अनुमोदनेचा दोष

संवत्सरी प्रतिक्रमणात अतिचारांचे वाचन सुरू झाले की पंधरा कर्मादानांची नावे येतात. लहानपणापासून ती मी ऐकत आलो आहे. वनकर्म म्हणजे जंगल तोडून त्यावर उपजीविका करणे, दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, विषवाणिज्य म्हणजे विषाचा व्यापार, दवदान म्हणजे रानाला आग लावणे, सरःशोषण म्हणजे तळी-सरोवरे आटवणे. श्रावकाने टाळावयाच्या या व्यवसायांची यादी ऐकताना मनाला एक समाधान असे की यांतले आपण काहीच करत नाही. आजोबांचे कापडाचे दुकान, माझी बँकेतली नोकरी. आपला आणि जंगलाचा संबंधच काय? काही वर्षांपूर्वी एका पहाटे आलेल्या फोनने ते समाधान संपवले.

पांढरकवड्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आमची वडिलोपार्जित शेती आहे. नोकरीत असल्यापासून ती बटईने दिलेली आहे. फोन बटईदाराचा होता. ‘साहेब, लवकर या,’ एवढेच तो म्हणाला. जाऊन पाहतो तो तुरीच्या धुऱ्यावर एक रोही मरून पडलेली. तिच्या पुढच्या पायाला बारीक लोखंडी तार गुंडाळलेली होती, आणि त्या तारेचे दुसरे टोक मोटारपंपाच्या पेटीकडे गेले होते. पोट फुगलेले, डोळे उघडे. थोड्या अंतरावर तिचे पाडस उभे होते. आम्ही जवळ गेलो की ते चार पावले मागे सरे, आणि आम्ही थांबलो की तेही थांबे.

मी बटईदारावर ओरडलो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, ‘साहेब, मागल्या साली तुम्हाले दाखवली होती ना तार.’

खरे होते. आदल्या हंगामात त्याने मला ती तार दाखवली होती. रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर तूर लोळवली होती. रात्ररात्र मचाणावर जागल करून तो आणि त्याची बायको थकली होती. ‘काय करू, तुम्हीच सांगा,’ असे त्याने विचारले होते. मी ‘जपून कर रे बाबा’ एवढेच बोलून गाडीत बसलो होतो. त्या वर्षी माझ्या वाट्याला आलेली तूर मी मोजून घेतली; ती कशी वाचली हे विचारले नाही.

आपल्या धर्मात पाप तीन प्रकारांनी लागते असे सांगितले आहे: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला अनुमोदन देणे. त्या ‘जपून कर’मध्ये यांतले शेवटचे दोन्ही प्रकार होते. रात्रभर विचार करून मी वनविभागाला कळवले. पंचनामा झाला. तार ज्याने बांधली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. शेत ज्याचे होते त्याचा फक्त जबाब घेतला गेला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण वकिलाचे पैसे देताना मला कळत होते की ही रक्कम दान म्हणून लिहिता येणार नाही. ते माझेच देणे होते.

त्यानंतर मी आपल्या जिल्ह्याच्या रानाकडे नीट पाहू लागलो. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य 148.63 चौरस किलोमीटरचे आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे केवळ गाभा क्षेत्रच 625 चौरस किलोमीटरहून मोठे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे टिपेश्वरचा लहानपणा कळतो. तरीही संरक्षण मिळाले तसे येथे वाघ वाढले. वाघाचा बच्चा दोन वर्षांचा होत आला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा प्रदेश शोधू लागतो. लहानशा जंगलात ती जागा आधीच दुसऱ्या नराने धरलेली असते. मग त्याला बाहेर पडावेच लागते, आणि बाहेर म्हणजे आपली कपाशी, आपली तूर, आपला महामार्ग.

टिपेश्वरात जन्मलेल्या अशाच एका तरुण नराला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, मग मराठवाडा आणि विदर्भाचे जिल्हे ओलांडत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याने सुमारे 1300 किलोमीटर चाल केली होती. कॉलर काढेपर्यंत ही चाल 3000 किलोमीटरच्या पुढे गेली. शेते, कालवे, नदीपात्रे, रस्ते हाच त्याचा मार्ग होता. वाटेत त्याने एकाही माणसाचा जीव घेतल्याची नोंद नाही. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आमची तारच आठवली. त्या हजारो किलोमीटरमध्ये अशी किती शेते त्याने रात्री ओलांडली असतील? एखाद्या धुऱ्यावरची एकच तार त्याचा प्रवास तिथेच संपवू शकली असती.

आपले साधु-साध्वी विहाराला निघतात तेव्हा गावोगावचा संघ पुढच्या मुक्कामाची काळजी घेतो. महामार्गावर अपघात होऊ नयेत म्हणून तरुण त्यांच्यासोबत चालतात. पायी चालणाऱ्या जीवाला वाट सुरक्षित हवी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पुढे नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता उंचावर नेऊन खालून प्राण्यांना जाण्यासाठी मार्ग सोडले आहेत, आणि वाघांसह अनेक प्राणी ते वापरतात. म्हणजे ठरवले तर वाट ठेवता येते.

आता या विषयाची दुसरी बाजू. ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिक होईल. 2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात 13 माणसांचे बळी गेले आणि त्यांचा संबंध टी-1 म्हणजेच ‘अवनी’ या वाघिणीशी जोडण्यात आला. मेलेले लोक शेतकरी होते, गुराखी होते. त्या दोन वर्षांत संध्याकाळी पाचनंतर शेतात कोणी थांबत नसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर 2018 मध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. तिचे दोन बछडे दहा-अकरा महिन्यांचे होते. तिला मारण्याच्या पद्धतीवर पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही आक्षेप घेतले गेले. मोठ्या शहरांत निषेध झाले आणि इकडे गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले.

त्याच आठवड्यात दिवाळी होती, म्हणजे भगवान महावीरांचा निर्वाणदिन. सिंह ज्यांचे लांछन, ज्यांच्या समवसरणात सिंह आणि गाय शेजारी बसल्याचे वर्णन आपण ऐकतो, त्यांचा दिवस. मंदिरात निर्वाण लाडू अर्पण होत असताना मला पेढे वाटणाऱ्या त्या गावकऱ्यांचा राग आला होता. आज तो तसा येत नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला अहिंसा शिकवण्याचा अधिकार, रात्री पक्क्या घरात झोपणाऱ्या मला कोणी दिला? वाघ वाचावा ही इच्छा आपली, आणि त्याची किंमत मात्र राळेगावच्या गुराख्याने भरावी, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळणार नाही. तिच्या बछड्यांतील मादीला पकडून पेंचला ठेवले होते. 2021 मध्ये तिला जंगलात सोडले, आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुकुटबन वनपरिक्षेत्रातील एका गुहेत, एक गर्भवती वाघीण मारलेली आढळली. तिचे पंजे कापून नेलेले होते. पंजे कापले जातात, कारण कुठेतरी त्यांना गिऱ्हाईक असते. दंतवाणिज्य हा शब्द मला त्या दिवशी जुना वाटला नाही.

मग आपण व्यापारी कुटुंबांनी काय करायचे? मी काय केले ते सांगतो. आमच्या शेताला आता सौर कुंपण आहे. पंपाच्या लाइनवरून सोडलेला प्रवाह अखंड असतो. त्याला चिकटलेला जीव सुटत नाही, मग तो रोह्याचा असो, वाघाचा असो की पहाटे पाणी द्यायला आलेल्या मजुराचा. सौर कुंपणात बॅटरीवरून साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका येतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना त्यासाठी अनुदानही मिळते. उरलेला खर्च मी बटईदाराच्या वाट्यातून कापला नाही. पीक दोघांचे असेल तर ते निर्दोषपणे राखण्याचा भार जमीनमालकाने आधी उचलावा, असे मला वाटते. तूर पूर्ण वाचत नाही. थोडे डुकरे खातातच. तेवढे त्यांचे.

आपल्यापैकी अनेकांची शेती बटईने किंवा ठेक्याने दिलेली आहे. अनेकांची कृषी केंद्रे आहेत, हार्डवेअरची, लाकडाची दुकाने आहेत. दुकानातून जाणारी तार आणि विषाचा डबा कुठे जातो, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. निदान एकदा विचारावे. आमच्या संघाच्या विश्वस्तांपुढे मी असाही प्रस्ताव ठेवला आहे की जीवदयेच्या निधीतील काही भाग, गुरुमहाराजांची अनुज्ञा घेऊन, अभयारण्याकाठच्या गरीब शेतकऱ्यांच्या सौर कुंपणासाठी द्यावा. पांजरापोळातली गाय वाचवणे हे पुण्य आहेच. धुऱ्यावर मरणारा जीव मरण्यापूर्वी वाचवणे हेही त्याच खात्यात बसते. प्रस्तावावर अजून निर्णय झालेला नाही. दोन विश्वस्तांनी मात्र बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन कुंपणाला खर्च किती येतो ते विचारले. दोघांचीही शेती बटईनेच दिलेली आहे.

ते पाडस पुढे दिसले नाही. रोह्यांचा एक कळप अधूनमधून आमच्या शेताच्या कडेने जातो, असे बटईदार सांगतो. त्यात ते असेल असे मी मानतो. खात्री करून घेण्याचा मार्ग नाही.

यंदाही संवत्सरीला कर्मादानांची नावे मी ऐकीन आणि सर्व जीवांची क्षमा मागीन. एका जीवाची मात्र वेगळी मागायची आहे. मिच्छामि दुक्कडम्.