जागती भूल

मराठीनें 'भूल' या एका शब्दांत चूक, मोहिनी आणि बेशुद्धि हीं तिन्ही एकत्र नांदविलीं आहेत. 'भूल देणें' म्हणतांच बहुतेकांस गाढ झोप आठवते. आणि ती जितकी गाढ तितकी बरी, अशी आपली सोयीस्कर समजूत असते.

माझ्या पुतणीच्या पाठीचा वांकडा कणा सरळ करण्याचें अकोल्यास ठरलें, तेव्हां अमरावतीहून आलेल्या आत्याबाई भूलतज्ज्ञांना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पुरी भूल द्या, पोरीले काहीच समजू नये."

ते म्हणाले, "तिला कांहीं समजणार नाहीं, आत्याबाई, पण तिच्या नसा मात्र जाग्या राहिल्या पाहिजेत."

कणा सरळ करतांना आंतील मज्जारज्जूस ताण बसला, तर पाय लुळे पडण्याचें भय असतें. 1973 सालीं फ्रान्समधील वोझेल, स्ताग्नारा प्रभृतींनीं रोग्यास मध्येंच जागें करून पाय हलवावयास सांगण्याची रीत प्रसिद्ध केली. आतां डोक्यावरून विजेचा क्षणिक संकेत देतात आणि पायाचे स्नायू ओ देतात कीं नाहीं, तें पडद्यावर पाहतात. हुंगावयाच्या भुलीनें ही ओ मात्रेच्या प्रमाणांत क्षीण होते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधानें तर ती बंदच पडूं शकते. म्हणून तें औषध घशांत नळी घालण्यापुरतेंच द्यावयाचें, आणि झोपेसाठीं शिरेंतून, यंत्राच्या मंद धारेनें, प्रोपोफॉल व जोडीला वेदनाशामक चालूं ठेवावयाचें.

यांतही जोखीम आहेच. उच्छ्वासांतील वाफ क्षणोक्षणीं मोजतां येते, रक्तांतील औषध तसें मोजतां येत नाहीं. सुई निसटली तर झोपच ओसरते. म्हणून ती शीर डोळ्यांसमोर ठेवतात आणि मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली पाहतात.

प्रोपोफॉल पाण्यांत नीट विरघळत नाहीं. तें सोयाबीनच्या तेलाच्या दुधाळ मिश्रणांत देतात. वऱ्हाडांत शेतोशेतीं डोलणाऱ्या पिकाचें नांव ऐकून आत्याबाईंचा चेहरा प्रथमच सैल झाला.

वहिनींनीं मात्र एकच प्रश्न विचारला : "पायांची ओ मंदावली तर?"

"हात थांबवूं, रक्तदाब सांवरूं, कण्यावरचा ताण सैल करूं."

हें ऐकल्यावर त्यांनीं संमतिपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, आणि मुलगी आज आपल्या पायांनीं शाळेस जाते. लेकराचें दुःख झांकणारी भूल कोणीही मागेल. त्याच्या पायांची चाहूल घेत बसणारी भूल मागावयास अधिक धीर लागतो.