नोंदवहीत नसलेली माणसं

डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्यांना 'ॲप्ट'ची ओळख करून द्यायला नको. पण हा ब्लॉग घरचेही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

लिनक्सवर प्रोग्रॅम सहसा एकटा येत नाही. त्याला चार लायब्रऱ्या लागतात, त्यांना आणखी दोन. पूर्वी ही साखळी आपणच शोधत बसायची. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं आणि ते काम त्याने अंगावर घेतलं.

कोणत्या पॅकेजने कुठे कोणती फाइल ठेवली, याची नोंदवही 'डीपीकेजी' सांभाळतो. पॅकेज काढा म्हटलं की वहीत बघून नेमक्या तेवढ्याच फायली उचलतो. सोर्स आणून 'मेक इन्स्टॉल' केलेली फाइल मात्र या वहीत नसते. फोल्डर काढताना आत अशी फाइल दिसली, तर रिकामं नाही म्हणून तो फोल्डर तसाच ठेवतो. पण नव्या पॅकेजात त्याच जागी, त्याच नावाची फाइल असली, तर तुमची न विचारता पुसली जाते! म्हणून तर हाताने आणलेल्या गोष्टींसाठी 'यूएसआर-लोकल' ही वेगळी खोली ठरवून दिलेली आहे.

मला विचारात पाडते ती दुसरीच एक खूण. मागून घेतलेलं पॅकेज 'मॅन्युअल', त्याच्यासोबत आलेलं 'ऑटोमॅटिक'. मुख्य पॅकेज गेलं की ॲप्ट यादी दाखवतं, यांची आता गरज नाही. तुम्ही 'ऑटोरिमूव्ह' म्हणायचा अवकाश.

ती यादी बघितली की मला माई आठवते. आजीची चुलतबहीण. आजीच्या सोबतीला म्हणून आली आणि बावीस वर्षं राहिली. रेशनकार्डावर तिचं नाव कधीच नव्हतं. आजीच्या तेराव्याला कुणीतरी हळूच विचारलं, "आता माईचं काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. जिच्यासाठी आली ती गेली, हिशेब सरळ होता. बाबा एवढंच म्हणाले, "काय म्हणजे? ती इथलीच आहे." पुढच्याच महिन्यात त्यांनी तिचं नाव कार्डावर चढवून घेतलं.

ॲप्टमध्ये याला 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' म्हणतात. एका ओळीची कमांड. पॅकेज तेच, फायली त्याच. फरक एवढाच की आता ते कुणामुळे आलेलं नसतं, आपण ठेवून घेतलेलं असतं.

मशीनचं चुकतं असं नाही. कोण कुणासाठी आलं, एवढंच तिला ठाऊक. मध्यंतरी त्याची सवय कुणाकुणाला झाली, ते वहीत येत नाही. ते आपणच सांगायचं, आणि वेळेवर सांगायचं.

असो. ऑटोरिमूव्हची यादी आली की 'वाय' दाबण्याआधी एकदा नीट वाचत जा, मंडळी.