बांधावरचा बहावा



वैशाखात निगडीला जाणे झाले, तर प्राधिकरणाच्या रस्त्यांनी एक फेरी जरूर मारा. १९७२ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने ही वसाहत वसवली. इथे रस्त्याकडेला गुलमोहर लालभडक फुललेला असतो आणि सोनमोहराच्या पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असतो. पाहून डोळे निवतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ, म्हणून वळवाच्या वाऱ्यात तो लवकर मोडतो. शोभेला उत्तम, पण बांधावर लावण्याचे हे झाड नव्हे.

तिथून तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडून मी चाकणकडे निघालो. पूर्वी या वाटेला माघ-फाल्गुनात पळस-पांगारा फुलायचा, मग करंज, आणि उन्हाच्या ऐन तडाख्यात बहावा. आता बहुतेक ठिकाणी कारखान्यांच्या भिंती आहेत. एका भिंतीलगत बहाव्याचे एकच झाड पिवळ्या घोसांनी लगडले होते. त्याखाली एक वृद्ध शेतकरी नातवाला घेऊन बसले होते.

“आबा, इथं कसे?” मी विचारले.

“साहेब, हा आमच्या बांधावरचा बहावा. विहिरीजवळ करंज होता, बैलं त्याच्याखाली बसायची. जमिनीचे पैसे आले, घर झालं, लेकींची लग्नं झाली. तक्रार नाही. पण बांध गेला, विहीर बुजली. आपलं शेत कुठं होतं, हे पोराला दाखवायला एवढं एकच झाड उरलंय.”

मला पुढे बोलवेना.

मंडळी, ज्यांचा बांध अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बांधावरचे झाड ही नुसती शोभा नाही. चाकणचा भाग कांद्याचा. कांद्याचे बी धरायचे तर मधमाशी हवीच. पण कांद्याचे गोंडे वाळले की शेतात तिला चारा उरत नाही. अशा वेळी करंजाचा फुलोरा तिला जगवतो. शिवाय करंजाच्या पेंडीचे चांगले खत होते.

बहाव्याच्या काळ्या, वाळलेल्या शेंगा आताच उतरवून ठेवा. बी फार टणक असते. खरबरीत दगडावर घासून त्याचे कवच थोडे झिजवा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि पिशवीत लावा. करंजाचे ताजे बी तसेच रुजते. करंज पसरतो, म्हणून तो ओढ्याकाठी लावावा. बांधाला बहावा बरा. बियांपासून यंदा केलेली रोपे पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावा आणि पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून जपा.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असा जुन्या लोकांचा आडाखा. तो दर साली खरा ठरेलच असे नाही. पण निघताना आबांनी दोन शेंगा माझ्या हातात ठेवल्या. त्यांचे बी मी भिजत घातले आहे. तुम्हीही घाला.