मधल्या युगाचे नाव

मध्ययुगात कोणी जगले नाही, हे विधान विक्षिप्त वाटेल; पण शब्दशः ते खरे आहे. ज्यांना आज मध्ययुगीन म्हटले जाते, त्या ख्रिस्ती विद्वानांची कालकल्पना ऑगस्टीनच्या सहा युगांवर उभी होती आणि तीनुसार त्यांचे स्वतःचे युग सहावे, जगाचे अखेरचे युग होते. जे आपण शेवटी उभे आहोत असे समजत होते, त्यांना पुढच्यांनी उचलून मध्ये ठेवले.

या स्थलांतराचा आरंभ पेट्रार्कपाशी (१३०४–१३७४) दाखवता येतो. रोमच्या वैभवानंतरचा काळ त्याला अंधाराचा वाटला. मात्र त्याच्या लेखी तो अंधार सरलेला नव्हता, तो स्वतः त्यातच चाचपडत होता. म्हणजे मुळात हा कालखंड नव्हे, ती एक व्यथा होती. तिचे कोष्टक झाले सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सेलारिउस या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन अध्यापकाने १६८८ मध्ये मध्ययुगाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि कॉन्स्टंटाइनपासून १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंत त्याच्या सीमा आखल्या. प्राचीन, मध्य, नवे ही त्रयी सर्वस्वी त्याची नव्हे. तिला क्रमिक पुस्तकाचे स्थैर्य मात्र त्याने दिले. एवढ्या टिकाऊ विभागणीच्या मुळाशी वर्गातली सोय असावी, हे निदान अध्यापकांनी तरी विसरू नये.

१८६० मध्ये बुर्कहार्टने इटलीतील प्रबोधनाला जणू व्यक्तिमत्त्वच बहाल केले, आणि त्या तेजापुढे मागचे शतक आपोआप काळवंडले. परंतु फान आयिक बंधूंचे काय करायचे? गेंटचे वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या काही वर्षे आधीच फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची प्रार्थनागृहात मासाच्चोची भित्तिचित्रे रंगली होती. मासाच्चो निर्विवादपणे नव्या युगाचा. आणि गेंटचे चित्र? त्यातील गवताची पाती, मुकुटातील रत्नांवर पडलेला उजेड, वस्त्राचा पोत हे सारे इतक्या निष्ठेने रंगवलेले आहे की कलेतिहासाची पुस्तके त्याला उत्तरेकडील प्रबोधनात खुशाल घालतात. हायझिंगाला याच चित्रकारांचे कोडे उलगडायचे होते. आणि १९१९ च्या ग्रंथात त्याला तेथे पहाट दिसली नाही, दिसला तो सरत्या ऋतूचा परिपाक. चित्र तेच, तपशीलही तोच. तो उजेड सकाळचा की संध्याकाळचा, हे चित्र सांगत नाही. ते पाहणाऱ्याच्या हातातील कालपट सांगतो.

हॅस्किन्सने १९२७ मध्ये बाराव्या शतकातच एक प्रबोधन शोधून काढले. त्याने सीमा मागे सरकवली, इतकेच. त्याहून मूलगामी प्रश्न जोन केली यांनी १९७७ मध्ये विचारला: प्रबोधन स्त्रियांच्या वाट्याला आले होते काय? सरंजामी दरबारातील स्त्रीला प्रेमाच्या आणि सत्तेच्या व्यवहारात जो अवकाश होता, तो इटालियन राजसभेत आक्रसला, असे त्यांचे प्रतिपादन. ते मान्य केले तर वाद तारखेचा उरत नाही. कालखंड कोणाचा, असा होतो. १७८९ नंतरचा काळ फ्रेंच विद्यापीठांत 'आधुनिक' नव्हे, तर 'समकालीन' इतिहासात मोडतो, ही त्यामानाने निरुपद्रवी गंमत. ल गोफने २०१४ मध्ये तर मध्ययुग अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांबवले. कालखंड पाडूच नयेत, असे मात्र त्यानेही म्हटले नाही.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो. 'प्रबोधन' हा एकच शब्द पेट्रार्कच्या वारसांसाठी वापरला जातो, व्हॉल्टेअरच्या पिढीसाठी वापरला जातो आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रासाठीही. 'मध्ययुगीन' हे विशेषण तर ज्ञानेश्वरीलाही सहज लावले जाते. ती १२९० मध्ये सिद्ध झाली, तेव्हा ज्याच्या व्यथेतून हे विशेषण पुढे आकाराला यायचे होते, त्या पेट्रार्कच्या जन्माला अजून चौदा वर्षांचा अवकाश होता.